सोळा बाइट

“हं,” एवढंच म्हणाली ताई फोनवर.

त्याआधी तिने विचारलं होतं, “माझं काही जुनं दिसलं का गं त्यात?” आणि मी जरा जास्तच पटकन म्हणाले होते, “छे! मी पुसलं होतं ना सगळं तेव्हाच.” मग हे ‘हं’. त्यानंतर आम्ही आईच्या गुडघ्यांबद्दल बोललो, तिच्या लेकाच्या परीक्षेबद्दल बोललो आणि फोन ठेवला. पण ते ‘हं’ तसंच कानात बसून राहिलं. सुटकेचा निःश्वास म्हणावा तर तो इतका आखूड नसतो. निराशा म्हणावी तर ती कशाची? आठवडा झाला, भांडी घासताना, जिना चढताना मी त्या एका अक्षराचे वेगवेगळे सूर मनात लावून बघते आहे.

हे सगळं सुरू झालं एका साध्या रिइन्स्टॉलने. लॅपटॉप म्हातारा झालाय. मूळचा तो ताईचा. तिने नवा घेतला तेव्हा सहा वर्षांपूर्वी हा माझ्याकडे आला. चालू केला की आधी फॅन घोंघावतो, मग आतली डिस्क बारीक करकरते, आणि मग बऱ्याच वेळाने स्क्रीनवर काहीतरी उगवतं. सिस्टीम पुसून नव्याने टाकली की वर्षभर तरी बरा चालेल, असा हिशोब करून एका रात्री मी पेनड्राइव्ह लावला. बॅकअप घेतला नव्हता. सी ड्राइव्हवर माझं काहीच नसतं, जे काय आहे ते डीवर, आणि डीला हात लावायचाच नाही, मग बॅकअप कशाला? हा युक्तिवाद मी याआधीही दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा तो खरा ठरला होता, हेच वाईट.

इन्स्टॉलरच्या त्या पडद्यावर पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या आखलेल्या वाटण्यांची, यादी असते. सगळ्यात वर पाचशे एमबीचं राखीव, त्याखाली १५० जीबीचं सी, त्याखाली ३१५चं डी. मी पहिलं निवडलं, डिलीट. दुसरं निवडलं, डिलीट. इथे एक बारीकशी गोष्ट घडते. शेजारशेजारच्या दोन मोकळ्या जागा एकमेकींत मिसळून एक होतात आणि यादी एका ओळीने आखडते. ओळी वर सरकल्या, माझा हात होता तिथेच राहिला. रात्रीचा एक वाजून गेला होता. ‘यातला डेटा जाईल’ अशी सूचना आली, ती मी वाचलीही, पण तोवर ती तिसऱ्यांदा येत होती आणि तिसऱ्यांदा आलेली सूचना माणूस वाचत नाही, नुसती ओळखतो. ओके. मग १५० जीबीचं नवं पार्टिशन केलं. खाली उरले ३१५. आता गंमत अशी, की ३१५ हा आकडा मला पाठ होता. डी म्हणजे ३१५. तो आकडा जागेवर दिसल्यावर मन निवांत झालं. आकड्याच्या अलीकडे ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कुणाच्याच नावावर नसलेली जागा, असं लिहिलेलं होतं, ते डोळ्यांना दिसलं असणार, पण माझ्यापर्यंत पोचलं नाही.

कळलं ते पाऊण तासाने. नवा कोरा डेस्कटॉप, ते नेहमीचं निळं चित्र, आणि ड्राइव्हांच्या खिडकीत एकटा सी. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तर डीच्या जागी वर काळी पट्टी असलेला एक लांबलचक चौकोन. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय, ते शब्दशः कळलं. खड्डा बरगड्यांच्या जरा खाली पडतो आणि त्याआधी क्षणभर कान बंद होतात. त्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक केलं की ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ असा मदतीचा हात पुढे येतो. तो धरला की डी परत दिसू लागतो, रिकामा, आणि वर नव्या फॉरमॅटची बैठक नेमकी जुन्या यादीवर मांडली जाते. मी तो धरला नाही. शहाणपणाने नव्हे, घाबरून. लॅपटॉप बंद केला आणि झाकण लावून त्याच्याकडे बघत बसले.

सोळा बाइट. गेलं होतं ते नेमकं एवढंच.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर सगळ्यात पहिला सेक्टर, म्हणजे साठवणीचा एक छोटा तुकडा, ५१२ बाइटचा असतो. त्यातले पहिले ४४६ मशीन सुरू करून देणाऱ्या छोट्याशा प्रोग्रामचे. शेवटचे दोन म्हणजे ५५ आणि एए ही खूण, ‘हा सेक्टर बरोबर आहे’ असं सांगणारी. मधल्या ६४ बाइटांत पार्टिशन टेबल. प्रत्येक पार्टिशनाच्या वाट्याला १६ बाइट, म्हणून चारच नोंदी. एका नोंदीत एक बाइट ‘इथून बूट करायचं का’ यासाठी, एक बाइट प्रकारासाठी, चार बाइट ‘कुठून सुरू’ आणि चार बाइट ‘किती सेक्टर’. उरलेल्या सहा बाइटांत सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे जुने पत्ते. ते आता कुणी विचारत नाही, तरी आपले भरलेले असतात, घर बदलल्यावरही रेशनकार्डावर राहिलेल्या पत्त्यासारखे. ही मांडणी १९८३ सालची. आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि त्याच्यासोबतच्या डॉस २.०ने ही चार ओळींची वही आणली. १० एमबीसाठी आखलेली वही माझ्या ५०० जीबीच्या (विंडोज तिलाच ४६५ मोजतं) डिस्कवर चाळीसएक वर्षांनीही तशीच वापरात होती. ‘किती सेक्टर’ला चारच बाइट दिल्यामुळे ती दोन टीबीच्या पुढे मोजू शकत नाही, म्हणून नंतर जीपीटी ही नवी वही आली. जीपीटीत १२८ नोंदींना जागा असते, आणि मला त्या रात्री जिचा खरा हेवा वाटला ती गोष्ट म्हणजे तिची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. पुढची फाटली तर मागची आहे. माझ्या डिस्कवर तसली काही सोय नव्हती. एकच वही, तिच्यातली तिसरी ओळ मी शून्यांनी भरली होती, आणि ३१५ जीबी बेवारस झाले होते. त्यातला एक फोटो हललेला नव्हता की एका पत्रातला एक काना पुसला गेला नव्हता.

हे समजून घेताना मला नेहमी ताईच आठवते. आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो खोक्यासारख्या मॉनिटरचा. बंद केला की काचेवर हात फिरवायचा, केस उभे राहायचे आणि चटचट आवाज यायचा. रविवारी दुपारी आम्ही दोघी त्याच्यावर डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेल्या फाइली ओळीने लावणारा प्रोग्राम, लावायचो. खेळ म्हणून. स्क्रीनभर छोटे रंगीत चौकोन, आणि एकेक चौकोन उचलला जाऊन दुसरीकडे जाऊन बसायचा. ताई म्हणायची, “पुढचा तो कोपऱ्यातला जाणार बघ.” मी दुसरा सांगायचे. ती बहुतेक वेळा जिंकायची. मी विचारलं होतं, “हे पांढरे रिकामे आहेत ना?” ती तेव्हा अकरावीत असावी. म्हणाली, “रिकामे म्हणजे रिकामे नाहीत गं. कुणी मोजत नाही त्यांना, एवढंच.” तिला हे कुठून कळलं होतं कोण जाणे. मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं, कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली. पहिला नियम सगळे सांगतात तो हा, की त्या डिस्कवर आता काहीही लिहायचं नाही. म्हणून लॅपटॉप पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम लावून अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, एका मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर घेऊ लागले. अख्खी म्हणजे अख्खी, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत, भरलेलं आणि ‘रिकामं’ असा भेद न करता. ९७ कोटी ६७ लाख ७३ हजार १६८ सेक्टर. हा आकडा कुठल्याही ५०० जीबीच्या डिस्कवर जवळजवळ हाच असतो, तरी तो स्क्रीनवर पाहिल्यावर मला आपल्याच डिस्कची जन्मवेळ कुणी सांगितल्यासारखं वाटलं. यूएसबी जुनं, त्यामुळे काम पाच-सहा तासांचं. दुपारभर मी शेजारी बसून होते. गरम प्लॅस्टिकचा वास, फॅनची एकसुरी घरघर, आणि मधूनच डिस्कचं ते ‘टक्’. त्या ‘टक्’ला दर वेळी माझा हात छातीकडे जायचा. डीडीरेस्क्यू अडलेली जागा सोडून पुढे जातं, नोंद ठेवतं आणि शेवटी परत तिथे जाऊन प्रयत्न करतं. माणसांशी बोलताना मला हे कधी जमलेलं नाही. मी अडलेल्या जागेवरच ठाण मांडते. सुदैवाने एकही सेक्टर अडला नाही.

मग टेस्टडिस्क, हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्राम. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने लिहिलेला, फुकट, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा, दिसायला अगदीच रुक्ष. उंदीर चालत नाही, नुसते बाण आणि एंटर. आधी इमेजवरच चालवला, मूळ डिस्कला हात न लावता. तो काय करतो? टेबलावर विश्वास ठेवत नाही. सरळ डिस्कवर चालत जातो आणि दारं वाजवतो. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेल्या, पार्टिशनाच्या पहिल्याच सेक्टरात त्याचं नाव लिहिलेलं असतं, आपण किती सेक्टर लांब आहोत तेही लिहिलेलं असतं, आणि त्याच सेक्टराची एक प्रत पार्टिशनाच्या शेवटच्या सेक्टरात असते. म्हणजे मी पुसलेली ओळ ही मूळ माहिती नव्हतीच, ती नुसती दारावरची पाटी. घराला आपली लांबी-रुंदी आतून पाठ होती. क्विक सर्चने दोन मिनिटांच्या आत डी समोर ठेवलं. लेबल ‘डेटा’. पी हे बटण दाबलं की आतल्या फाइली दिसतात. दाबलं. माझे फोल्डर, माझ्या चुकलेल्या स्पेलिंगांसकट, ओळीने उभे होते. मी मोठ्याने हसले आणि मग थोडी रडलेही.

इथे थांबायला हवं होतं. खाली दोन पर्याय शेजारी शेजारी होते, ‘डीपर सर्च’ आणि ‘राइट’. मूळ डिस्कवर हेच करून राइट दाबलं असतं, मशीन पुन्हा सुरू केलं असतं, संपलं असतं. मी डीपर सर्च दाबलं. स्वतःला सांगितलं, खात्री करून घेऊ. आता मागे वळून बघताना मला ते खरं वाटत नाही. हरवलेली वस्तू सापडल्यावरही माणूस तो कप्पा उपसत राहतो, तसलं काहीतरी होतं ते.

रात्री नऊच्या सुमारास शोध संपला आणि यादीत एक ओळ जास्त होती.

तेही एनटीएफएसच. पण सुरुवातीचा आकडा वेगळा, माझ्या डीच्या आत पन्नासएक जीबी पुढे, आणि लांबी २६५. लेबल ‘माझं’. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं, पण शब्द तोच. ही माझी मांडणी नव्हतीच. लॅपटॉप ताईचा होता तेव्हाची ती वाटणी होती, तेव्हा सी मोठा होता आणि डी लहान. मी दोन्ही ओळींना प्रायमरीची खूण करून बघितली, तर टेस्टडिस्कने वर लगेच लिहिलं, ‘स्ट्रक्चर: बॅड’. बरोबरच आहे. एकाच जागेवर दोन पार्टिशनं नांदू शकत नाहीत, सीमा एकमेकींवर चढतात. एक काढलं की ‘ओके’. दुसरं काढून पहिलं ठेवलं, तरीही ‘ओके’. त्याला दोन्ही सारखीच मान्य होती. कुठलं आजचं आणि कुठलं सहा वर्षांपूर्वी संपलेलं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

लॅपटॉप देताना ताई म्हणाली होती, “घे. आणि सगळं साफ करून टाक आधी. मला त्यातलं काही ठेवायचं नाहीये.” मी त्याच संध्याकाळी केलं होतं. जुनी पार्टिशनं डिलीट, नवी दोन, क्विक फॉरमॅट, पाच मिनिटांचं काम. आणि फोन करून सांगितलं होतं, “झालं गं, काही राहिलं नाही.” तेव्हा मी ते अगदी खरं समजून बोलले होते. क्विक फॉरमॅट म्हणजे नवी कोरी यादी, बाकी डिस्कला तो शिवत नाही. एसएसडी असती तर निराळं. तिथे सिस्टीम ट्रिम नावाची सूचना पाठवते आणि सोडलेली जागा डिस्क स्वतःच मागाहून झाडून टाकते. पण फिरती डिस्क आळशी असते, कुणी वरून दुसरं लिहीपर्यंत ती जुनं धरून बसते. २००३ साली एमआयटीतल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या दोघांनी एक पाहणी छापली होती. जुन्या बाजारातून त्यांनी १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या, त्यातल्या १२९ चालल्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांपैकी कित्येकांवर लोकांचे क्रेडिट कार्डांचे नंबर, पत्रं, आजारपणं. त्या सगळ्यांना कुणीतरी ‘झालं, काही राहिलं नाही’ असं सांगितलंच असणार. मी ते वाचलं तेव्हा हसले होते, लोक किती बेफिकीर असतात म्हणून.

मी पी दाबलं. लिहून टाकते, म्हणजे सुटेन.

वाटलं होतं, काही उघडणारच नाही. सहा वर्षं त्या जागेवर माझा डेटा पसरत होता, तिच्या फाइलींची यादी कधीच चिरडली गेली असेल. पण मी डी कधी अर्धाही भरला नव्हता, आणि यादी शाबूत निघाली. तारीख, आकार, नाव, अशा ओळी. ‘गाणी’. ‘ऑफिस’. ‘अर्ज’, ‘अर्ज शेवटचा’, ‘अर्ज खरंच शेवटचा’. इथपर्यंत मला हसू येत होतं, कारण ही नावं ठेवणारी बाई मी ओळखते. त्याखाली एक फोल्डर होता, ‘न पाठवलेलं’. त्यात शिरायला फक्त उजवा बाण लागतो. आत अकरा फाइली, एक ते अकरा असे नुसते आकडे. आकार अगदी लहान, पानभर मजकुराचे असावेत. तारखा सगळ्या एकाच आठवड्यातल्या, वेळा रात्री दोन-चाळीस, तीन-दहा, पहाटे चार. तो आठवडा मला आठवतो. ती आमच्याकडे येऊन राहिली होती आणि कुणाशी फारसं बोलत नव्हती. आम्ही सगळ्यांनी ठरवून काही विचारलं नव्हतं. आम्हाला वाटायचं ती लवकर झोपते. तिच्या खोलीचा दिवा बंद असायचा. दाराखालून येणाऱ्या निळसर उजेडाकडे तेव्हा माझं लक्ष गेलं होतं का, हे मी आता कितीही ताण दिला तरी सांगू शकत नाही.

टेस्टडिस्कमध्ये सी दाबलं की फाइल बाहेर कॉपी होते. मी सी दाबलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाहीये. अकरा हा आकडा आणि पहाटे चार ही वेळ मला कळलेली आहे, ती आता परत करता येत नाही. दार उघडून आत पाऊल टाकलं नाही, पण कितीजण बसलेत ते मोजून आले. क्यू दाबून बाहेर पडले. मग मूळ डिस्कवर टेस्टडिस्क चालवला, फक्त क्विक सर्च, फक्त ‘डेटा’, राइट, आणि खात्री विचारल्यावर वाय. सोळा बाइट परत भरले. त्याला एक सेकंदही लागला नाही. मशीन पुन्हा सुरू केलं आणि डी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने जागेवर होता.

त्यानंतर ताईला फोन केला, आनंदाने, सगळी गंमत सांगायला. पार्टिशन गेलं कसं, आलं कसं, हे मी चांगलं रंगवून सांगितलं. तिने मधेच विचारलं, “माझं काही जुनं दिसलं का गं त्यात?” आणि मी जे म्हणाले ते म्हणाले.

त्या रात्री लॅपटॉपवर सायफर ही आज्ञा चालवली, डीच्या मोकळ्या जागेवर. ती तीन फेऱ्या मारते. आधी सगळीकडे शून्य लिहिते, मग दोनशे पंचावन्न, मग काहीतरी अगडबगड आकडे. स्क्रीनवर नुसती टिंबं उमटत जातात. पहाटेपर्यंत ती चालू होती, डिस्कची करकर भिंतीपलीकडून ऐकू येत होती. पहिली फेरी अर्धी झाली असेल तेव्हा मनात आलं, की मी तिला एकदा विचारायला हवं होतं. सहा वर्षांपूर्वीची ती ‘काही ठेवायचं नाहीये’ म्हणाली होती. परवा फोनवर विचारणारी तीच होती का, ते मला माहीत नाही. नुसती खात्री करून घ्यायची असती तर तिने ‘गेलं ना सगळं?’ असं विचारलं असतं. तिने ‘दिसलं का’ असं विचारलं. की मीच आता ‘हं’सारखी या दोन शब्दांचीही चिरफाड करते आहे? टिंबं उमटत राहिली. मी ती थांबवली नाहीत, कारण तिच्याच शब्दाने वागायचं ठरलं होतं. आणि दुसरं कारण असं, की थांबवायची घाई नव्हती.

घाई नव्हती, कारण इमेज आहे. लॅपटॉप आता स्वच्छ आहे, पण एक्स्टर्नल डिस्कवर ४६५ जीबीची एकच फाइल पडून आहे आणि तिच्या पोटात त्या दुपारची अख्खी डिस्क जशीच्या तशी आहे, ‘माझं’सकट, अकरासकट. इतकं काळजीपूर्वक मी माझंही काही कधी कॉपी केलेलं नाही. डिलीट करायला गेले तर पुन्हा तेच. नाव जाईल, जागा मोकळी दिसेल आणि आतलं आत राहील, परत सायफर, परत टिंबं. ते करता येईल. अवघड काही नाही. काल तेवढ्यासाठी डिस्क लावली, फाइल निवडली, आणि डिलीटऐवजी तिचं नाव बदललं. आधी नुसती तारीख होती. आता नाव आहे, ‘ताईला विचारायचं’.